चार नंबरचा फोन आणि आण्णांची मोटर

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये "ताई, कुठल्या बाबाकडे जाता?" असं कुणी विचारायला नको. मी कुठल्याही बाबाकडे जात नाही. ताईत बांधत नाही, नजर काढून घेत नाही. मांजर आडवं गेलं तर मांजराला वाट देते आणि माझ्या कामाला जाते. इथले अनुभव मी दुपारी डबा खाताना करमणूक म्हणून वाचते, आणि बहुतेकांना 'तुमची झोप झाली नव्हती' एवढं उत्तर पुरतं असं माझं मत होतं. अजूनही आहे. आणि दुसरं म्हणजे हा अनुभव भीतीचा नाही, रागाचा आहे. आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा वगैरे येत नाही... डोकं फिरतं.

मी तस्लीम. मूळची मिरजेची. आमच्या घरात आजोबांपासून तंबोरे आणि सतारी करायचं काम. मी मात्र कॉम्प्युटर शिकले आणि साताऱ्यात एका छोट्या कंपनीत टेस्टर म्हणून लागले. टेस्टर म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं सॉफ्टवेअर चालतं का ते बघणारी, आणि चालत नाही म्हटलं की ऑफिसात नावडती होणारी.

अब्बांच्या दुकानात एक रीत आहे, ती आधी सांगायला हवी. तंबोरा तयार झाला, पॉलिश झालं, तारा चढल्या, तरी त्याच्या खुंटीला लाल चिंधी बांधलेली असते. घोडी, म्हणजे तारांखालची पट्टी, घासून घासून तार मनासारखी बोलायला लागली आणि अब्बांनी ती स्वतःच्या कानाने ऐकली, की मगच चिंधी सुटते. ज्याने ऐकलं त्यानेच सोडायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. गिऱ्हाईक दारात गाडी लावून उभं असलं तरी चिंधीवालं वाद्य बाहेर जात नाही. एका गवयाला तर अब्बांनी दोनदा चहा पाजून दुपारभर बसवून ठेवलं होतं, आणि तो बिचारा बसला.

आमची कंपनी शेतीच्या मोटरचा स्टार्टर करते. विहिरीवर एक लोखंडी पेटी, पेटीत एक जुना मोबाइल, त्यात सिमकार्ड. शेतकरी कुठेही असो, आपल्या फोनवर 'चालू' दाबलं की तिकडे मोटर सुरू. उंटावरून शेळ्या हाकायचं काम, पण सोयीचं. यात धोका काय आहे हे शेतातल्या माणसाला सांगायला नको. घरातला एक जण विहिरीत उतरलेला असतो, त्याचा हात मोटरवर असतो, आणि दुसरा लांबून बटण दाबतो. म्हणून त्यात लॉक दिलं होतं. घरच्या माणसांपैकी कुणाचा फोन जवळपास आहे का, हे पेटीतला फोन ब्लूटूथने बघतो. सापडला तर 'विहिरीजवळ माणूस आहे. मोटर सुरू होणार नाही.' असा मेसेज येतो आणि मोटर सुरू होत नाही. आमच्या जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात हेच लॉक छापलंय.

हिवाळ्यात या फोनांची सिस्टीम अपडेट झाली. नव्या सिस्टीमचं म्हणणं असं, की एखादं ॲप बरेच दिवस कुणी हाताने उघडलं नाही तर त्याच्या परमिशन काढून घ्यायच्या. आता पेटीतला फोन कोण कशाला उघडतंय? झालं... ब्लूटूथची परमिशन गेली आणि लॉक आंधळं झालं. माणूस दिसत नाही म्हणजे कुणी नाही, असं धरून मोटर सुरू.

नीट ऐका, माझा राग इथून सुरू होतो. लॉकच्या माझ्या सहा टेस्ट होत्या. ब्लूटूथच नाही म्हटल्यावर त्या चालणार कशा? त्या पास होत नाहीत, फेलही होत नाहीत, स्किप होतात. स्किप म्हणजे 'आज बघितलं नाही', एवढाच त्याचा अर्थ. पण आमच्या रिपोर्टात लाल रंग फक्त फेलला. स्किप झालेल्या टेस्ट तळाला, करड्या रंगात, बारीक अक्षरात. आणि वरती ढळढळीत हिरवं. आणि ब्लूटूथ नसेल तर टेस्ट स्किप कर, ही ओळ कुणी लिहिली होती? मीच. दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या कॉम्प्युटरला ब्लूटूथ नव्हतं, उगाच फेल दिसायचं, म्हणून. तेव्हा त्यात काही चूक नव्हती.

मी रिपोर्ट घेऊन पराग सरांकडे गेले. हे आमचे मॅनेजर.

"फेल किती?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"शून्य. पण सर, सहा स्किप आहेत. सगळ्या लॉकच्या."

"फेल शून्य ना? मग पाठव पुढे."

"सर, स्किप म्हणजे पास नव्हे. परमिशन नसेल तर मोटर सुरूच होता कामा नये, असं ॲपमध्ये घालायला पाहिजे. आणि तसं होतंय का त्याची वेगळी टेस्ट पाहिजे."

"आणि मोटर सुरू झाली नाही की शेतकरी फोन कुणाला करणार?"

"मलाच करतात, सर. सपोर्टचा नंबर माझ्याच टेबलावर आहे."

"हे बघ तस्लीम, सिस्टीमने बंद केलंय. तो आपला बग नाही."

तो आपला बग नाही... म्हणजे विहिरीत उतरलेल्या माणसाला आम्ही हे सांगायचं का? तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण पालथ्या घड्यावर पाणी. टेबलावर येऊन बसले, ओढणीच्या जुन्या तुकड्याच्या चिंध्या केल्या आणि टेस्टिंगच्या चारही फोनांना एकेक बांधली. सगळे हसले. मी म्हटलं, हसा, पण माझ्या हाताने सुटेपर्यंत यातला एकही बाहेर जायचा नाही.

दुसऱ्या दिवशी डबा खाऊन आले तर चार नंबरचा फोन जागेवर नव्हता. चिंधी कचऱ्याच्या डब्यात, चहाच्या कपांखाली. विचारलं तर कळलं, आण्णांच्या पेटीतल्या फोनची बॅटरी फुगली होती, फिटर निघालाच होता, म्हणून सरांनी चार नंबर देऊन टाकला. मी ती चिंधी धुऊन वाळवली आणि पर्समध्ये ठेवली.

आण्णा म्हणजे दिनकर आण्णा. कोरेगावच्या पुढे त्यांची वाडी, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. घरात ते, धाकटा भाऊ बाळू तात्या आणि तात्यांची बायको सुनंदा वहिनी. सगळं रान आल्याचं. फोनवर बोलून बोलून माझी ओळख झालेली. आण्णा फोन उचलला की आधी "जय हिंद" म्हणायचे आणि मग शिव्या द्यायचे, पण मायेने.

फेब्रुवारीतला मंगळवार होता. त्या आठवड्यात शेतीची लाइट दिवसाच्या पाळीची, दुपारी बाराला यायची. सव्वाअकराला माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"जय हिंद. आवं ताई, ह्ये काय चालवलंय तुमी? मी हितं साताऱ्यात मिलिटरी क्यांटीनला लायनीत उभा हाय. लाइट लवकर आल्याचा म्याशेज आला म्हणून बटान दाबलं, तर म्हनतंय माणूस हाय. अकरा डाव दाबलं."

"विहिरीवर कुणी आहे का, आण्णा?"

"कोन न्हाई. बाळूला फोन लावला, उचलत न्हाई, घरला झोपला असंल. लाइट जायच्या आत पानी फिरलं पायजे, आलं वाळाय लागलंय."

मी स्क्रीनवर त्यांची पेटी उघडली. फोन नंबर चार. ब्लूटूथ बंद, परमिशन नाही. म्हणजे आजूबाजूला कुणी आहे की नाही हे कळायची त्या फोनला काही सोयच नव्हती. आणि तरी त्याच्या नावापुढे अकरा नोंदी, एकाखाली एक : विहिरीजवळ माणूस आहे. मोटर सुरू होणार नाही.

मी सरांना बोलावलं. ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "कुठलातरी जुना मेसेज अडकलाय. फोर्स स्टार्ट मार."

फोर्स स्टार्ट म्हणजे ऑफिसमधून जबरदस्तीने मोटर सुरू करायचं बटण. ते लॉकला विचारतच नाही. लॉक बिघडून अडकलं तर असावं म्हणून ठेवलेलं. आता माझा विचार बघा. लॉक आंधळं आहे हे महिनाभर ओरडून सांगणारी मी. मग आंधळ्याने 'मला माणूस दिसतोय' म्हटलं तर ते खोटंच असणार, नाही का? माझं सगळं शहाणपण हेच सांगत होतं.

मी बटण दाबलं.

हे वाक्य मी आजवर ऑफिसात कुणासमोर बोलले नाही. मी ते बटण दाबलं, सरांनी नाही. आणि स्क्रीनवर आलं : विहिरीजवळ माणूस आहे. मोटर सुरू होणार नाही.

फोर्स स्टार्टच्या उत्तरात हे वाक्य येऊच शकत नाही. तिथे 'सुरू झाली' किंवा 'संपर्क नाही', दोनच उत्तरं आहेत. ती मी स्वतः तपासलीत. सर म्हणाले, "परत मार." माझा हात माउसवर होता आणि तो मी उचलून मांडीवर ठेवला. भीती म्हणून नाही... चीड आली म्हणून. महिनाभर ज्या वाक्यासाठी मी भांडत होते, ते समोर लिहून आलं होतं, आणि मीच त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते. मी आण्णांना म्हटलं, "बटणाला हात लावू नका. कुणालातरी विहिरीवर पाठवा, आत्ताच्या आत्ता."

आण्णांनी वहिनींना फोन केला. वहिनी घराच्या मागच्या बाजूला भांडी घासत होत्या, तशाच राखेच्या हाताने पळाल्या. पुढचं मला त्यांनीच नंतर सांगितलं. तात्या विहिरीत छातीइतक्या पाण्यात होते. मोटरच्या जाळीत शेवाळ आणि प्लॅस्टिकची पिशवी अडकली होती, ती ओढून काढत होते. लाइट बाराला येणार म्हणून फ्यूज न काढताच उतरलेले. केबल एका जागी सोललेली होती, आणि त्यांचा डावा हात त्या केबलवरच होता.

आणि तात्यांचा फोन? तो घरात, देवळीत, चार्जिंगला लावलेला. विहिरीपासून चांगलाच लांब. म्हणजे ब्लूटूथ चालू असतं, परमिशन असती, लॉक अगदी नव्यासारखं असतं... तरी त्याला तात्या सापडले नसते. सापडण्यासारखं तिथे काही नव्हतंच. नुसता माणूस होता.

यावर एखाद्याने काय केलं असतं? देवाचे आभार मानले असते आणि लॉक दुरुस्त केलं असतं. आमच्या सरांनी काय केलं, तर शुक्रवारी मालकांसमोर स्लाइड लावली : 'परमिशन नसतानाही आमच्या लॉकने वाचवला शेतकऱ्याचा जीव'. खाली आण्णांचा हसरा फोटो. आयत्या बिळावर नागोबा. मी मीटिंगमध्ये उभी राहिले आणि म्हटलं, लॉकने वाचवलं नाही, लॉक बंद होतं. तर सर हसून म्हणाले, "आमच्या तस्लीमला यश सहन होत नाही." सगळे हसले. माझी दुरुस्ती यादीतून खोडली, कारण जे चालतंय ते कशाला दुरुस्त करायचं?

मी कोड लिहिणाऱ्यांना घेऊन बसले. एकेक ओळ वाचली. फोर्स स्टार्ट कुठेच लॉककडे जात नाही. उरलेल्या तीन फोनांवर ब्लूटूथ बंद करून आठवडाभर बटणं दाबली. पुढ्यात माणसं उभी केली, फोनवाली, बिनफोनची. दर वेळी मोटर सुरू. एकदाही मेसेज नाही. ऑफिसात कुणी म्हणालं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ. मी म्हटलं, एक कावळा समजू शकते, बारा कावळे एकाच फांदीवर एकापाठोपाठ बसतात का?

मार्च संपत आला तेव्हा वहिनींचा फोन आला. आवाज खाली घेऊन बोलत होत्या.

"ताई, तुमी जरा येऊन सांगा यास्नी. आता फ्यूज काढतच न्हाईत. लाइट असली तरी उतरत्यात. म्हनत्यात, पेटी राखतीया मला. माजं ऐकत न्हाईत वो."

मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि कोरेगावला गेले. आण्णा मोटरसायकल घेऊन न्यायला आले. विहिरीवर पोचले आणि बघतच राहिले. आमच्या पेटीला झेंडूचा हार घातलेला, हळदीकुंकू वाहिलेलं, समोर फोडलेला नारळ, खोबरं मुंग्या खात होत्या. वहिनींनी माझ्या हातात घेवड्याची पिशवी आणि खण ठेवला. तात्या हात जोडून म्हणाले, "ताई, तुमच्यामुळं आज मी हाय."

तिथे मात्र माझा बांध फुटला.

"तात्या, माझ्यामुळे तुम्ही मेला असता," मी म्हटलं. "आण्णांनी अकरा वेळा दाबलं. बाराव्या वेळी मी दाबलं, साताऱ्यातून. तुमचा हात केबलवर होता तेव्हा. हे लॉक बंद आहे. थंडीपासून बंद आहे. आम्हाला माहीत होतं आणि आम्ही ते तसंच तुमच्या विहिरीवर लावलं. हार काढा तो."

आण्णा खाली बघत होते. मग तात्या शांतपणे म्हणाले, "पर ताई, सुरू झाली न्हाई न्हवं? तुमी दाबूनबी झाली न्हाई. मग कोनतरी हाय की त्यात."

"मला माहीत नाही कोण आहे. पण ते रोज असेल हे कुणी तपासलंय? लाइट आहे ना आता? आपण चौघं इथे आहोत. तुमच्या तिघांचेही फोन जवळ आहेत. आण्णा, तुम्ही व्हिडिओ काढा. मी माझ्या फोनवरून 'चालू' दाबते."

"दाबा," तात्या म्हणाले. पेटीकडे बघून त्यांनी हात जोडले. "न्हाई व्हायची."

मी दाबलं. मोटर पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

पाइप थरथरला आणि पाणी भळाभळा हौदात पडायला लागलं. तात्या त्या पाण्याकडे बघत राहिले. मग त्यांचं लक्ष विहिरीच्या पायऱ्यांकडे गेलं, खालच्या ओल्या पायरीवर त्यांचा टॉवेल तसाच पडला होता. सकाळीच ते उतरून आले होते, लाइट चालू असताना. वहिनी मटकन कडेला बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या.

तात्यांनी मोटर बंद केली. मेन स्विच पाडला, तिन्ही फ्यूज काढून खिशात घातले, आणि मला म्हणाले, "आता दाबा, ताई." मी दाबलं. काही झालं नाही. "पुन्यांदा दाबा." मी चार वेळा दाबलं. ते दर वेळी खिशावर हात ठेवून पाइपाकडे बघत होते. मग त्यांनीच पेटीचा हार काढला आणि आल्याच्या वाफ्यात टाकला. मी पर्समधली ती धुतलेली चिंधी काढली आणि पेटीच्या कडीला बांधली. ही मी सोडल्याशिवाय पेटीवर भरवसा ठेवायचा नाही, एवढं सांगितलं. तात्यांनी मान हलवली.

आण्णांचा व्हिडिओ मी थेट मालकांना पाठवला, सरांना मध्ये न घेता. त्यावरून मोठं रामायण झालं, ते इथे सांगत बसत नाही. पण आता परमिशन नसेल तर आमची मोटर सुरू होत नाही, आणि लॉकची टेस्ट चालली नाही तर रिपोर्ट लाल येतो. स्किपवाली ती माझी ओळ मी माझ्या हाताने पुसली. सर माझ्याशी बोलत नाहीत. शेतकरी फोन करून शिव्या घालतात, आणि त्यांच्यात माया नसते. घालू देत.

आता तुम्ही विचाराल, त्या दिवशी बारा वेळा नाही कोण म्हणालं? मला माहीत नाही. चार नंबरचा फोन नंतर मी परत मागवला, खोलून घेतला, सगळे लॉग वाचले. त्या बारा नोंदी आहेत. जवळ सापडलेल्या फोनचं नाव लिहायची जागा असते, ती बाराही ठिकाणी कोरी आहे. कोरी नोंद आमचं सॉफ्टवेअर घेतच नाही. ज्याला पटतं त्याने पटवून घ्या, ज्याला उत्तर सापडेल त्याने मला जरूर कळवा, मी भांडणार नाही.

मिरजेला गेले तेव्हा अब्बांना सगळं सांगितलं. ते घोडी घासत होते, हात न थांबवता म्हणाले, "कधी कधी एखादा तंबोरा न जुळवताच सुरात सापडतो, बेटा. माझ्या हातात दोनदा सापडलाय. पण चिंधी मी सोडली नाही."

पेटीत नवं ॲप गेलं, मी सहाच्या सहा टेस्ट आण्णांच्या विहिरीवर उभं राहून चालवल्या आणि चिंधी सोडली. पण तात्यांनी ती मागून घेतली. ते विहिरीत उतरायच्या आधी फ्यूज काढून त्यात बांधतात, आणि मग मला फोन करतात. न चुकता. मी मीटिंगमध्ये असले तरी उचलते.

"ताई, फ्यूज खिशात हाय. उतरू का?"

"खिशाला हात लावून बघा आधी."

ते बघतात. मग मी म्हणते, उतरा.